जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलावा काय?

आपल्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला एखादा लॅपटॉप असेल. घेतला तेव्हा तो साऱ्या घराच्या कौतुकाचा विषय होता. थोरल्या मुलाने त्यावर पदवीचा अभ्यास केला, नोकरीचे अर्ज भरले; आता तो धाकटीच्या वाट्याला आला आहे. परंतु सकाळी बटण दाबावे, चहा होऊन कपबश्याही विसळून व्हाव्यात, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असावे, अशी त्याची अवस्था झाली आहे. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आणि नेमकी त्याच दिवशी यंत्राने मान टाकली, असा प्रसंगही एखाद्या वेळी आपल्यावर आला असेल. मग कोणी सुचवितो, “याचा प्रोसेसर बदलून घ्या, नव्यासारखा होईल.” दुसरा म्हणतो, “मोडीत घाला आणि नवा घ्या.”

दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण नवा लॅपटॉप घेणे पुष्कळ कुटुंबांच्या अंदाजपत्रकात सहजासहजी बसत नाही, आणि प्रोसेसर बदलणे हा सर्वच यंत्रांवरचा उपाय नव्हे. उपाय चुकला तर पैसे जातात ते जातातच. शिवाय रखडत का होईना चालणारे घरातील एकुलते एक साधन कायमचे बंद पडण्याचा धोका असतो. अशी यंत्रे आज देशभर लक्षावधी घरांत आहेत. तामिळनाडू शासनाने २०११ पासून आणि उत्तर प्रदेश शासनाने २०१३ पासून विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटले, तेही याच काळातले. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी या प्रश्नाचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

मंदपणाचे मूळ कोठे?

प्रोसेसर म्हणजे संगणकातील आकडेमोड करणारा व आज्ञा पाळणारा भाग. त्याचे काम समजण्यासाठी लग्नघरातील मुदपाकखाना डोळ्यांसमोर आणावा. प्रोसेसर हा आचारी. रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, हा त्याच्यापुढचा ओटा. हाताशी लागणारे सर्व जिन्नस त्यावर मांडलेले असतात. हार्ड डिस्क हे कोठीघर. तेथे सारा साठा असतो, पण तो काढून आणावा लागतो. आता पंगतीला उशीर झाला तर दोष नेहमी आचाऱ्याचाच असतो काय? ओटा अपुरा असेल, किंवा कोठीतून डाळ-तांदूळ आणणारा माणूस रेंगाळत असेल, तर कितीही तरबेज आचारी आणला तरी तो हात बांधून उभाच राहणार.

जुन्या लॅपटॉपात बहुधा हेच घडते. त्यातील हार्ड डिस्कची तबकडी पुष्कळदा मिनिटाला ५,४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती वाचणाऱ्या सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद, थांबावे लागते. सुई जागेवर नेण्यास लागणारा वेळ वेगळाच. आपल्याला हा अवधी जाणवतही नाही. परंतु २.५ गिगाहर्ट्झ गतीच्या प्रोसेसरचे तेवढ्या अवधीत १ कोटी ३० लाखांहून अधिक ठोके पडून जातात. ते सारे वाट पाहण्यात वाया जातात. यंत्र सुरू होताना अशी वाट हजारो वेळा पाहावी लागते. चहा होऊन जातो तो यामुळे.

तेव्हा प्रथम रोगाचे निदान करावे. आपल्या यंत्रावर विंडोज १० असल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते व त्यात प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क हे प्रत्येकी किती टक्के गुंतलेले आहेत ते दिसते. आपले नेहमीचे काम करीत असताना दहा-पंधरा मिनिटे हे आकडे पाहत राहावे. डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर पंधरा-वीस टक्क्यांवर असेल, तर आचाऱ्याला बदलून उपयोग नाही. स्मृती नव्वद टक्क्यांच्या आसपास भरलेली असेल, तर ओटा वाढवावा. मात्र डिस्क शांत आहे, स्मृती मोकळी आहे आणि प्रोसेसर तेवढा सतत शंभर टक्क्यांवर आहे, असे दिसले, तरच प्रोसेसर बदलण्याची गोष्ट काढावी.

आधी करण्याजोगे उपाय

सर्वांत स्वस्त उपाय साफसफाईचा. लॅपटॉपच्या पंख्यापाशी पातळ पत्र्यांची एक जाळी असते. वर्षानुवर्षांच्या धुळीने तिच्यावर कापसाच्या गादीसारखा थर बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, आणि प्रोसेसर जळू नये म्हणून आपली गती आपणच कमी करून घेतो. अशा वेळी नवा प्रोसेसर बसविला तर तोही त्याच भट्टीत तापेल व तसाच मंदावेल.

दुसरा उपाय रॅम वाढविण्याचा. चार गिगाबाइटच्या जागी आठ केल्यास आजकालच्या ब्राउझरला बराच मोकळा श्वास घेता येतो. तिसरा आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, बसविणे. तीत फिरणारा भागच नसल्यामुळे माहिती शोधण्यास मिलिसेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा पुरतो. हे दोन्ही भाग बहुतेक जुन्या यंत्रांत चार-दोन स्क्रू काढून बदलता येतात आणि त्यांत धोकाही फारसा नसतो. अनेक घरांत प्रश्न येथेच सुटतो. तो सुटला तर समाधान मानावे आणि पुढील खर्चाच्या भरीस पडू नये.

बदलता येणारे आणि न येणारे

एवढे करूनही यंत्र अपुरे पडत असेल, तर आपला प्रोसेसर मुळात बदलता येण्याजोगा आहे की नाही हे पाहावे लागते. काही लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डवरील एका बैठकीत बसविलेला असतो. या बैठकीला सॉकेट म्हणतात. इतरांत तो मदरबोर्डला शेकडो सूक्ष्म गोळ्यांनी झाळून पक्का केलेला असतो. पहिल्या प्रकारातला काढता येतो. दुसऱ्या प्रकारातला घरी काढण्याचा विचारही करू नये.

इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांपुरते बोलायचे तर सॉकेटांचा काळ साधारणपणे २०१३-१४ पर्यंतचा होय. २००७ च्या सुमारास आलेल्या कोअर-२ ड्युओच्या यंत्रांत ४७८ टाचण्यांचा ‘पी’ सॉकेट असे. पहिल्या पिढीच्या कोअर आय-३, आय-५ व आय-७ यांच्यासाठी ‘जी-१’, २०११ व २०१२ च्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्यांसाठी ‘जी-२’ आणि २०१३ च्या चौथ्या पिढीसाठी ‘जी-३’ असे सॉकेट निघाले. एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चालत नाही. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपांसाठीचे इंटेलचे प्रोसेसर झाळूनच येऊ लागले. खेळांसाठीच्या काही जाडजूड लॅपटॉपांत टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर घातलेला असतो, तेवढा अपवाद सोडावा. एएमडी कंपनीच्या यंत्रांतही २००६ चा ‘एस-१’ आणि २०११ चा ‘एफएस-१’ हे सॉकेट होते. पुढे तेथेही झाळकामच आले.

आपल्या यंत्राचा प्रकार ओळखण्यास प्रोसेसरच्या नावातील शेवटची अक्षरे उपयोगी पडतात. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीत ‘एम’ किंवा ‘क्यूएम’ असे अक्षर असेल तर तो बहुधा सॉकेटात असतो. ‘यू’ असेल तर तो झाळलेला समजावा. चौथ्या पिढीत ‘एमक्यू’ काढता येतो, ‘एचक्यू’ काढता येत नाही. परंतु ‘एम’ वर्गातील काही प्रोसेसर झाळूनही दिले गेले आहेत. म्हणून केवळ अक्षरावर विसंबू नये. सीपीयू-झेड नावाचा एक विनामूल्य प्रोग्राम सॉकेटचे नावच दाखवितो, आणि उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या दुरुस्ती-पुस्तिकेत प्रोसेसर काढण्याची कृती दिलेली असेल तर मग शंकेला जागा उरत नाही.

निवड कशी करावी?

येथे एक उदाहरण घेऊ. २०११ मध्ये निघालेला थिंकपॅड टी-४२० हा लॅपटॉप कार्यालयांतून मोठ्या संख्येने वापरला गेला. त्यात जी-२ सॉकेट आहे. समजा, त्यात कोअर आय-५ २५२०-एम हा प्रोसेसर आहे. त्याला दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन हात, आहेत, गती २.५ गिगाहर्ट्झ, आणि गरज पडल्यास थोडा वेळ ३.२ पर्यंत. त्याच्या जागी आय-७ २६४०-एम बसविला, तर गती २.८ आणि कमाल ३.५ होते. नाव आय-५ चे आय-७ झाले. पण हात दोनच राहिले आणि वेगात भर पडली ती अवघी दहा टक्क्यांच्या आसपास. पत्र लिहिताना किंवा व्याख्यान ऐकताना ती आपल्याला जाणवणारही नाही. नावाच्या मोठेपणाला भुलू नये, तो यासाठी.

याच सॉकेटसाठी आय-७ २७६०-क्यूएम हा चार कोअरचा प्रोसेसरही आहे. चित्रफिती जुळविणे, मोठे प्रोग्राम तयार करणे अशा कामांत त्याचा लाभ खराच मोठा असतो, कारण ती कामे चार हातांत वाटता येतात. हौशी लोकांनी तो टी-४२० मध्ये बसवून वापरला आहे. पण मूळच्या प्रोसेसरची उष्णतेची मर्यादा ३५ वॅटची आहे आणि याची ४५ वॅटची. छोट्या पंख्याला ही वाढीव उष्णता पेलताना धाप लागते, बॅटरी लवकर उतरते, आणि ६५ वॅटचा चार्जर अपुरा पडण्याचा संभव असतो. तिसऱ्या पिढीत चार कोअरचे पण ३५ वॅटचेच काही प्रोसेसर निघाले. तेही याच बैठकीत बसतात. परंतु टी-४२० चा मूळ बायोस तिसऱ्या पिढीला ओळखत नाही. बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारा, मदरबोर्डवरच कोरलेला प्रोग्राम. त्याने न ओळखलेला प्रोसेसर खोबणीत कितीही नेमका बसला तरी निरुपयोगी होय.

मग खरा लाभ कोणाला? ज्यांनी त्या काळी सर्वांत स्वस्त यंत्र घेतले, त्यांना. त्याच काळातील सेलेरॉन बी-८०० हाही जी-२ सॉकेटचाच, ३५ वॅटचा प्रोसेसर. त्याची गती १.५ गिगाहर्ट्झ आणि ती वाढण्याची सोय नाही. त्याच्या जागी वर सांगितलेला आय-५ २५२०-एम बसविता आला, तर कमाल गती दुपटीहून अधिक होते आणि उष्णतेची मर्यादा मात्र तीच राहते. ज्याची पायरी सर्वांत खालची, त्यालाच वर चढण्यास जागा अधिक, असा हा सरळ हिशेब आहे.

या सर्वांतून एक नियम निघतो. आपल्याच नमुन्याच्या लॅपटॉपात उत्पादकाने स्वतः कोणकोणते प्रोसेसर घालून विकले होते, त्यांची यादी दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावी आणि तीतूनच निवड करावी. पिढी तीच, सॉकेट तोच, वॅट तितकेच. मग धोका थोडा राहतो.

खरेदी करताना

हे प्रोसेसर आता नवे मिळत नाहीत. ते इतर यंत्रांतून काढलेले असतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एस. पी. रोड, कोलकात्याची चांदनी चौक बाजारपेठ, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर अशा ठिकाणी ते शोधता येतात. भाव सारखे बदलतात, म्हणून चार दुकाने फिरूनच घ्यावे. प्रोसेसर उलटा करून प्रकाशात तिरपा धरावा. टाचण्यांच्या रांगा पेरलेल्या शेतासारख्या सरळ दिसल्या पाहिजेत. एखादी वाकलेली दिसल्यास तो परत करावा. वरच्या बाजूस ‘इंटेल कॉन्फिडेन्शियल’ असे शब्द असतील, तर तो विक्रीसाठी नव्हे, चाचणीसाठी बनविलेला नमुना होय. तोही घेऊ नये. बसवून, चालवून दाखविण्याची आणि बिघाड निघाल्यास बदलून देण्याची तयारी असलेला दुकानदार दोन पैसे अधिक घेत असला तरी तोच पत्करावा.

प्रत्यक्ष कृती

ज्यांचा हात अशा कामात बसलेला नाही, त्यांनी अनुभवी कारागिराकडून, शक्य तर आपल्या डोळ्यांदेखत, हे काम करून घ्यावे. ज्यांना स्वतः करावयाचे आहे, त्यांनी पुढील क्रम ध्यानात ठेवावा.

प्रथम छायाचित्रे, प्रमाणपत्रे, अभ्यासाच्या वह्या इत्यादी सर्व गोष्टींची नक्कल दुसरीकडे करून ठेवावी. बायोसची नवी आवृत्ती उपलब्ध असेल तर ती जुना प्रोसेसर जागेवर असतानाच घालावी. त्या वेळी बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असावा, कारण मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. नंतर यंत्र बंद करून चार्जर व बॅटरी दोन्ही काढावी आणि सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. अंगावर साठलेली स्थिर वीजही या नाजूक भागांना घातक असते. उत्तरेकडील कोरड्या हिवाळ्यात तर हे विशेषच जपावे. लोकरीचे कपडे घालून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नये, आणि मधून मधून एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला हात लावावा.

एका कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढावी आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवावा. त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर तो मदरबोर्डला भोक पाडतो. पट्ट्यांसारख्या तारा ओढून न काढता त्यांची कडी आधी उचलावी. तांब्याची नळी व पंखा असलेला भाग, ज्याला हीट सिंक म्हणतात, त्याचे स्क्रू एकदम न काढता समोरासमोरचे थोडे थोडे सैल करीत जावे.

खाली प्रोसेसर दिसेल. त्याच्या मध्यभागी आरशासारखा चमकणारा चौकोन हाच खरा गाभा असून त्यावर कोणतेही आच्छादन नसते. त्याचा कोपरा दुखावला तर सारे संपले. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसावी. सॉकेटच्या कडेला एक मोठा स्क्रू व त्याशेजारी उघड्या आणि बंद कुलपाचे चित्र असते. स्क्रू उघड्या कुलपाकडे फिरविला की प्रोसेसर सुटतो. तो सरळ वर उचलावा. नव्याच्या एका कोपऱ्यावर लहान त्रिकोण असतो. तो सॉकेटवरील खुणेशी जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. बसत नसेल तर तो उलटसुलट ठेवला गेला आहे असे समजून उचलावा. दाबू मात्र नये. मग स्क्रू बंद कुलपाकडे फिरवावा.

चमकत्या चौकोनावर तांदळाच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट ठेवावी. अधिक घातल्याने अधिक थंडावा मिळत नाही. हीट सिंक पुन्हा बसवून समोरासमोरचे स्क्रू आलटून पालटून आवळावे, आणि पंख्याची तार जोडण्यास विसरू नये. पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही क्षण काळाच राहिला तरी घाबरू नये. बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचे नाव दिसले की काम झाले. न दिसल्यास जुना प्रोसेसर परत बसवावा. म्हणूनच तो टाकून द्यावयाचा नसतो. नंतर अर्धा तास जड काम देऊन तापमान पाहावे. आपण उदाहरणादाखल घेतलेल्या आय-५ प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. आकडा सतत नव्वदीच्या वर राहत असेल, तर पेस्ट किंवा पंखा यांत काही तरी उणीव राहिली आहे.

जे साधणार नाही ते

प्रोसेसर बदलल्याने यंत्राचे वय बदलत नाही. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले. विंडोज ११ ला इंटेलच्या बाबतीत अधिकृतपणे आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते; सॉकेटवाले इंटेल लॅपटॉप चौथ्या पिढीपाशीच थांबले. तेव्हा कोणताही प्रोसेसर घातला तरी हे दार अधिकृतपणे उघडत नाही. मात्र लिनक्सचे दार उघडे आहे. लिनक्स मिंट किंवा सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने तयार केलेली बॉस ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि त्यांवर अभ्यास, पत्रलेखन, हिशेब ही कामे उत्तम होतात. पण मुलांच्या शिक्षणक्रमात किंवा आपल्या व्यवसायात विंडोज ११ वरच चालणारा एखादा प्रोग्राम अनिवार्य असेल, तर जुन्या यंत्रावर खर्च न करता तो पैसा नव्यासाठी साठविणे हेच शहाणपणाचे. त्याचप्रमाणे झिजलेली बॅटरी, ढिली झालेली बिजागरी किंवा फिकट पडलेला पडदा यांवर प्रोसेसर हा उपाय नाही. या सर्व दुरुस्त्यांची बेरीज आधी करावी. ती चांगल्या स्थितीतील वापरलेल्या, अधिक नव्या लॅपटॉपच्या किमतीजवळ जात असेल, तर हात आवरता घ्यावा.

निकामी झालेले भाग मात्र केराच्या टोपलीत टाकू नयेत. त्यांत तांबे व सोने यांसारखे मोलाचे धातू असतात, तसे विषारी पदार्थही असतात. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून देशभर लागू झाले आहेत. त्यांनुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्राकडेच असा माल द्यावा. दुरुस्तीच्या हक्कासंबंधी केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये एक संकेतस्थळही सुरू केले आहे. उत्पादकांच्या पुस्तिका व सुट्या भागांची माहिती शोधताना त्याचा उपयोग करून घ्यावा.

वाचकहो, साफसफाई, रॅम, एसएसडी आणि मग प्रोसेसर, हा क्रम सोडू नये, एवढेच शेवटी सांगावयाचे. आणि ज्या दिवशी आपण आपला लॅपटॉप उघडाल, त्या दिवशी धाकटीला शेजारी बसवावे. स्क्रू कागदावर टोचण्याचे काम तिच्याकडे द्यावे, आचारी कोणता, ओटा कोणता आणि कोठीघर कोणते, ते तिला दाखवावे. ज्या यंत्रावर ती रोज अभ्यास करते, त्याचे अंतरंग तिने एकदा डोळ्यांनी पाहिले, तर पुढे ते बिघडल्यास ती घाबरणार नाही. कोठे अडले आहे याचा शोध ती स्वतःच घेऊ लागेल.